मागची डावी बाजू

४ जानेवारी १९८७, रविवार. मुलुंड

झालो एकदाचे मुंबईकर! रत्नागिरीहून निघालेला टेंपो सकाळी सातला खाली लागला आणि अकरापर्यंत माझा गॅस पेटला, चहा झाला, शेजारणीशी साखरेची देवाणघेवाणसुद्धा झाली. जागा दुसऱ्या मजल्यावर, खोल्या दोनच, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो आणि पुढच्या खिडकीतून इमारतीचं अंगण. पुढची खिडकी शकुने आल्याआल्या आपल्या नावावर करून टाकली. लेक सात वर्षांची आहे, पण हक्क सांगण्यात कोणाला ऐकत नाही.

ही डायरी बँकेची. बदलीच्या शाखेत पाय ठेवायच्या आधीच मिळाली. ह्यांनी मस्कतहून दम दिलाय, की पत्रात तू 'सगळं ठीक' यापलीकडे लिहीत नाहीस, तेव्हा रोज चार ओळी डायरीत लिही, मार्चमध्ये आल्यावर मी वाचणार. घ्या, वाचा.

नंदूदादा घाटकोपरहून भल्या पहाटे येऊन खाली उभा होता. माझा थोरला भाऊ म्हणजे शंभर हमालांना भारी. लोखंडी कपाट त्याने आणि टेंपोवाल्याने दोघांनी वर आणलं. जानकीवहिनीने डब्यात घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं पाठवलं होतं. ती स्वतः आली नाही. त्यांची लेक प्रेमा गणपतीपासून आजारी आहे, खाते पण अंगाला लागत नाही, पार वाळली म्हणे. शकुचा पाय पोलिओचा, त्यात पट्ट्यांचा बूट, म्हणून दादाने तिला उचलून जिना चढवला. किती वजन गं हिचं, म्हणाला. मी म्हटलं एकोणीस किलो. बरंय, म्हणाला.

७ जानेवारी, बुधवार

बसचं काही खरं नाही. कंडक्टर भला माणूस, घंटी देण्याआधी थांबला, पण मागून लोंढा आला आणि शकु पायरीवरून घसरली. गुडघा फुटला. रडली नाही, उलट मलाच म्हणाली, तू रडू नकोस. शाळा, बँक आणि दर बुधवारी तिचे पायाचे डॉक्टर, तेही घाटकोपरला. रोज रिक्षावाल्यांच्या विनवण्या करण्यापेक्षा एक लहानशी जुनी गाडी घ्यावी. चालवायला येते. एस.टी.च्या ड्रायव्हरची मुलगी आहे मी, उगाच नाही.

११ जानेवारी, रविवार

आज दादा आणि मी गाड्या बघत दिवसभर फिरलो. फार दिवसांनी इतकी मजा आली. बाबांनी आम्हा दोघांनाही एकच शाळा शिकवली आहे. गाडी सकाळी थंड असताना बघायची, मालकाने आधी तापवून ठेवली असेल तर काहीतरी लपवतोय. पत्र्याला चुंबक लावायचं. रंगाला भुलायचं नाही, धूर बघायचा. शहरात चालवायची तर क्लच आणि रेडिएटर आधी, शोभा मागाहून.

अंधेरीची हेरल्ड दिसायला राणी, पण तिचे पार्ट कुठे शोधत फिरू? बोरिवलीच्या फियाटच्या दरवाजाचा रबर उचलला तर खाली पिवळा रंग. म्हणजे म्हातारी टॅक्सी नवं लुगडं नेसून बसलेली. मालकाला तसं तोंडावर सांगितलं, त्याने आम्हाला चहासुद्धा विचारला नाही. तिसऱ्या गाडीच्या मडगार्डवर चुंबक टपकन खाली पडलं. पत्र्याऐवजी आत सगळी लांबी भरलेली. नवी मारुती हवी तर नंबर लागेपर्यंत शकु कॉलेजात जाईल.

संध्याकाळी दादा म्हणाला, कुर्ल्याला ओळखीच्या गॅरेजात एक आहे, बघ आवडली तर. क्रीम रंगाची फियाट, मॉडेल चौऱ्याहत्तरचं. कांदिवलीचे कोणी म्हातारे गृहस्थ, नजर गेली म्हणून विकताहेत. मी खाली झोपून बघितलं, चुंबक फिरवलं, ऑइलचं झाकण काढून धूर बघितला, चढावर क्लच सोडून बघितला. एक खोट सापडेल तर शपथ! मागच्या डाव्या काचेचं हँडल तेवढं नाही, आणि त्याच दाराला आतून नवं रेक्झिन ठोकलंय. दादा म्हणाला, हँडल कुर्ल्यात कुठेही मिळेल. आर.सी. बुक नाव बदलायला एजंटाकडे दिलंय म्हणाला. एजंटाने खुणा केल्या होत्या तिथे सह्या केल्या. परक्याकडून घेत असते तर बुक बघितल्याशिवाय पेन उघडलं नसतं. सख्खा भाऊ मध्ये असल्यावर काय बघायचं?

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

गाडी दारात आली. दादाने चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि नारळ हातात घेऊन चांगलं लांबलचक मालवणी गाऱ्हाणं घातलं. आपल्याकडे कसं, एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासूनची सवय. माझं अर्धं लक्ष वर गॅसवर ठेवलेल्या गुळाच्या पाकात. शकुला मात्र भारी गंमत वाटली, सगळ्यात मोठ्याने तीच ओरडत होती. तिळगूळ वाटला. दादाचे डोळे भरून आले होते. मला मिठीत घेतलं त्याने, माझ्या लग्नानंतर प्रथमच.

१८ जानेवारी, रविवार

गाडी झकास. क्लच लोण्यासारखा. पवई तलावापर्यंत जाऊन आलो. शकु मागे उजवीकडे, माझ्या पाठीशी बसते. डावीकडे सरक, बाहेरचं छान दिसेल म्हटलं, तर नको म्हणाली. तिथे गरम होतं म्हणे. परत आल्यावर हात लावून बघितला. खरंच, तेवढीच सीट तापलेली, आणि ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

एक बारीक गोष्ट. गाडी मागे डावीकडे जराशी बसलीय. टायर आणि मडगार्डमधलं अंतर उजवीकडे चार बोटं, डावीकडे तीन. कुर्ल्याला दोन्हीकडे चार होती, मी स्वतः मोजली होती. मागच्या स्प्रिंगचा पाटा दबला असणार.

२१ जानेवारी, बुधवार

भांडुपला राजाराम मिस्त्रींकडे गाडी नेली. शाखेतले सगळे त्यांचंच नाव घेतात. त्यांनी पाटे काढून बघितले, दोन्ही ठणठणीत. तरी त्यांनी डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला. पाटा कमजोर असेल तर आता गाडी उजवीकडे बसायला हवी.

ती डावीकडेच बसली. तीन बोटं.

राजारामांनी मला हळूच विचारलं, बाई, डिकीत काही ठेवलंय का? डिकीत स्टेपनीशिवाय काही नव्हतं.

शकुचे डॉक्टर म्हणाले, वजन अठरा. जागा बदलली की मुलं उतरतात, काळजी नको.

२५ जानेवारी, रविवार

दुपारी गाडी पुसायला खाली गेले. कडक ऊन. गाडी सकाळपासून बंद. मागच्या डाव्या काचेवर आतून वाफ धरलेली, आणि वाफेत एक तळवा. लहान मुलाचा. शकु वर झोपली होती.

मी दार उघडून पुसून काढला. शकुचाच असणार, सकाळचा. मग वर येऊन तिच्या हाताशी माप घेतलं. तो तळवा लहान होता.

२८ जानेवारी, बुधवार

शकु साडेसोळा किलो. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं. बुटाचे पट्टे दोन भोकं आत घ्यावे लागले. जेवते नेहमीसारखी, मी स्वतः भरवते.

गाडी डावीकडे अडीच बोटं.

दादाच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. तो घरात नाही. तिसऱ्यांदा नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

ते नवं रेक्झिन मी स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं. खालचं जुनं दार, हँडल बसतं त्या खुंटीभोवती, सगळं नखांनी ओरबाडलेलं. खालपासून खांद्यापर्यंत. लहान मुलाच्या खांद्यापर्यंत.

शकुला विचारलं, मागे कोण बसतं गं? ती म्हणाली, तिला नाव नाही सांगता येत, तिचा घसा सुकलाय.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज एजंटाने बँकेत बुक आणून दिलं. काउंटरवर उभ्याउभ्या उघडलं.

पहिलं नाव कांदिवलीच्या कोणा गृहस्थांचं. तिसरं माझं. मध्ये, गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून, जानकी नंदकुमार.

माझी वहिनी. माझ्या भावाचीच गाडी. पाच महिने त्याच्या घरात होती, आणि मला ती कुर्ल्याच्या गॅरेजात दाखवली. माझ्याबरोबर तिच्याखाली झोपून बघितलं त्याने. मला टॉर्च धरला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी शकु बाहुलीला पाटावर बसवून गाऱ्हाणं-गाऱ्हाणं खेळत होती. तिचं पाठांतर असं, की एकदा ऐकलं की कोरलं. दादाच्या आवाजात, हातात चेंडूचा नारळ घेऊन:

"जा आजपर्यंत माझ्या पोरीच्या बाजूक बसत होता, ता आजपासून हिच्या पोरीच्या बाजूक बसांदे रे म्हाराजा."

आणि मग बाहुलीच्या वतीने, मोठ्याने, व्हय म्हाराजा.

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. मी पण म्हटलं होतं. गुळाचा पाक करपेल म्हणून घाईघाईने म्हटलं होतं.

रजा टाकून तशीच घाटकोपर गाठलं. शकुला शेजारी ठेवलं. दार उघडलं प्रेमाने. गुबगुबीत गाल, हातात दोरीच्या उड्यांची दोरी. 'आत्या' म्हणून कमरेला बिलगली. वहिनी आतून आली आणि काही न विचारता माझ्या पायांवर पडली.

"वन्सं, माझी पोर पंधरा किलोवर आली होती."

मग सगळं सांगितलं. कांदिवलीच्या त्या घरची मुलगी. एप्रिलमधलं लग्न, मुलगी मागच्या सीटवर झोपलेली. उठवायला नको म्हणून काचा लावून जेवायला गेले. पंगत लांबली. काचेचं हँडल नव्हतं. गाडी विकताना तिच्या आईने वहिनीचे हात धरले, म्हणाली, माझी मुलगी मागे बसायची, तिला सांभाळा. वहिनीला दया आली. ती हो म्हणाली. एवढंच झालं. दादा-वहिनींनी नंतर गाडी मानखुर्दला खाडीकडे सोडूनसुद्धा दिली होती, तर प्रेमा दोन दिवसांत आणखी दोन किलो उतरली. परत आणली. कोणीतरी हो म्हटल्याशिवाय ती मुलगी जात नाही, हे दादाने ताडलं. आणि न ऐकता हो म्हणणारं माणूस त्याला घरातच सापडलं.

दादा संध्याकाळी आला. मी आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, माझीच का? मुंबईत एवढी माणसं आहेत, माझीच पोर का रे दादा? तो जमिनीकडे बघत म्हणाला:

"प्रेमाचे दोन्ही पाय चालतात, वनू. शकुचं काय, नाहीतरी—"

पुढचं त्याने गिळलं. मला पूर्ण ऐकू आलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

शकु पंधरा किलो. डॉक्टर दाखल करा म्हणताहेत. रक्तात काही नाही. गाडी दोन बोटं.

बाबांनी त्याला शिकवलं होतं, खोट लपवून गाडी विकणारा माणसातून उठतो. एकाच बाकावर बसून शिकलो आम्ही दोघं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शाखेतले एक जण गाडी विकणार का विचारताहेत. सावंतवाडीकडचे. मुलगा पाच वर्षांचा. नारळ मी आणतो म्हणाले, गाऱ्हाणं तुम्हीच घाला, तुम्हाला गाडी लाभलीय.

दिवसभर त्याचाच विचार केला. लिहायला लाज वाटते, पण केला. प्रेमाकडे परत पाठवायचाही केला. मग ती कमरेला बिलगलेली आठवली. नाही होणार माझ्याच्याने. मी दादा नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

वहिनीला बोलावलं. आली, दादाला न सांगता. दुपारी बाराला, अंगणात कोणी नसताना. मी नारळ धरला. शकुच्या बाजूचं माझ्या बाजूला दे म्हटलं. वहिनीला रडण्याने बोलता येईना. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती व्हय म्हाराजा म्हणाली.

पुढची डावी सीट आपोआप दबली. माझ्या शेजारची. मागे दोन्हीकडे चार बोटं.

माझं वजन सत्तावन्न. हे वीस मार्चला येतात. तोवर पुरेन.

११ फेब्रुवारी, बुधवार

शकु सोळा! दोनदा जेवायला मागितलं. मी डॉक्टरांपुढे रडले. त्यांना वाटलं आनंदाने. तेही खरंच.

मी त्रेपन्न.

१५ फेब्रुवारी, रविवार

अठ्ठेचाळीस. बांगड्या हातात राहत नाहीत, काढून ठेवल्या. मोठ्या माणसाचं जास्त लागतं वाटतं. हे आधी कळायला हवं होतं—

गाडी चालवताना शेजारून हात येतो. गिअरवरच्या माझ्या हातावर. गरम. कोरडा. मी पाणी ठेवते बाटलीत. संपतं.

तिचा राग येत नाही. तिलाही आपल्याच माणसांनी कोंडलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

शकु साडेसतरा. शेजारणीने नेलं डॉक्टरांकडे. मला जिना—

शकु विचारते, मामीने व्हय म्हटलं म्हणून तू अशी झालीस का? खिडकीतून बघितलं तिने त्या दिवशी. मी रागावले. खेळ तो, म्हटलं. तिने मान डोलावली. माझा हात हातात घेऊन बोटं मोजत बसली.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादा खाली येऊन गेला. वर आला नाही. पेढे ठेवून गेला खाली जिन्यात. प्रेमाचा वाढदिवस.

शकुने पेढा खाल्ला नाही. मी खा म्हटलं तरी.

चव्वेचाळीस.

२५ फेब्रुवारी, बुधवार. दुपार

शकु झोपलीय. अहो, हे वाचाल तेव्हा गाडीतल्या त्या मुलीला कांदिवलीच्या त्या बाईंकडे— नाही. शकुला दादाकडे सोडू नका. एवढंच. कोणी काही म्हणालं तरी दादाकडे

पाणी प्यायला उठले. देवापुढचा नारळ जागेवर नाही.

शकु अंथरुणात नाही.

खिडकी. अंगणात. गाडीच्या मागच्या डाव्या दाराशी उभी आहे, बूट घालून, नारळ दोन्ही हातांत. एकटी उतरली. दोन जिने—

तिचा आवाज स्वच्छ येतोय. दादाचीच चाल.

"जा माझ्या आयेच्या बाजूक बसता, ता परत माझ्या बाजूक बसांदे रे म्हाराजा."

हाक मारली. आवाज फुटत नाही. पाय— दोनदा उठले, दोनदा खाली.

व्हय म्हणायला खाली कोणी नाही. भर दुपार, अंगणात चिटपाखरू नाही. कोणी नाही. कोणी नाही म्हणजे होणार नाही—

ती वाट बघतेय. काचेकडे बघून.

त्या काचेला हँडल नाही. तरी खाली येतेय. देवा, आतून कोणी व्हय म्ह